काक्षीची वही

वहीच्या त्या पानावर तारीख आहे ११ फेब्रुवारी २०२०, वेळ रात्री साडेआठ. पुढे माझ्याच अक्षरात, मृगातल्या एका तांबूस ताऱ्याची नोंद: "काक्षी १.६. बेलॅट्रिक्सच्या बरोबरीला. डोळे तीनदा मिटून उघडून बघितले. तेच." आणि खाली, घाईघाईत, तिरपं: "आज की उद्या?"

त्या शेवटच्या प्रश्नाची आता लाज वाटते, पण खोडलेला नाही. वहीत खाडाखोड करायची नाही हा नियम माझाच.

वही साधी, शंभर पानी. मी शाळेत गणित शिकवते. आमची वस्ती जुन्नर आणि नारायणगावच्या मध्ये, तिन्ही बाजूंनी ऊस. उसात बिबट्या असतो, ही आमच्याकडे बातमी नाही, शेजाराची माहिती आहे. त्यामुळे तारे बघायचे ते गच्चीवरून, जिन्याचं दार लावून. दुर्बीण माझ्याकडे नाही. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची नोंद ठेवायला ती लागतही नाही. ज्यांची तेजस्विता ठरलेली आहे असे दोन तारे हेरायचे, एक आपल्या ताऱ्याहून उजळ, एक मंद, आणि आपला तारा दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते अंदाजाने सांगायचं. बाजारात दोन ढिगांकडे बघून तिसऱ्याचं वजन सांगतात, तसंच. ताऱ्यांच्या प्रतीचा, म्हणजे तेजाच्या मापाचा, आकडा जितका मोठा तितका तारा मंद, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. काक्षीसाठी माझे नेहमीचे ढीग ठरलेले: रोहिणी ०.९, पुनर्वसूतला ठळक तारा १.१ आणि मृगाच्या चौकोनातली बेलॅट्रिक्स १.६.

काक्षी म्हणजे त्याच चौकोनातला ईशान्येचा तांबूस तारा. इंग्रजी पुस्तकांत बेटेलज्यूज, पंचांगात आर्द्रा नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा. एरवी ती ०.५ च्या आसपास असते, रोहिणीहून ठसठशीत उजळ. कधी ०.२, कधी ०.९, पण मी वही सुरू केल्यापासून तिला रोहिणीच्या खाली गेलेलं पाहिलं नव्हतं. २०१९ च्या ऑक्टोबरपासून ती उतरू लागली. डिसेंबरात एडवर्ड गिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या खगोलज्ञांना तारेसारखा एक छोटा संदेश धाडला, की गेल्या कित्येक दशकांत काक्षी एवढी मंद झालेली नाही. मग वर्तमानपत्रांना ती सापडली. 'महाकाय तारा फुटणार' अशा मथळ्यांनी माझ्या वर्गातली मुलंसुद्धा मधल्या सुट्टीत विचारू लागली.

मी मुलांना सांगत होते की एवढ्यात काही होणार नाही, अजून लाखभर वर्षं आहेत. आणि रात्री गच्चीवर जाऊन तिच्या फुटण्याची वाट बघत होते.

"कुणाच्या मरणावर टपून बसलीस गं?" आईने विचारलं होतं. तिला मी काय चाललंय ते जमेल तसं सांगितलं होतं. तेव्हा तिने शालीतून हात बाहेर काढून वर दाखवलं. "ते तिकांडं ना? त्याच्या वरचा तांबडा?"

आईला मृग, काक्षी ही नावं नाहीत. तिला तिकांडं आहे. मधले तीन तारे, एका ओळीत. विजेच्या मोटारी नव्हत्या तेव्हा रब्बीला रात्रीचं पाणी धरायचं असे, आणि तिकांडं कुठवर कललं यावर पाळी ठरे. घड्याळ फक्त पाटलाकडे. पुढे मी ऐतरेय ब्राह्मणातली गोष्ट वाचली: प्रजापती हरणाच्या रूपात स्वतःच्या लेकीमागे धावला, देवांनी त्याला बाण मारवला. हरीण तो मृग, मारणारा मृगव्याध, लेक रोहिणी, आणि तो बाण 'इषुस्त्रिकाण्डा', तीन कांड्यांचा. म्हणजे शाळेची पायरी न चढलेली आई पाण्याच्या पाळीला उठताना जो शब्द वापरत होती तो थेट तिथून आलेला. ही गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली, "असेल."

आर्द्रेची देवता रुद्र. एवढंच नोंदवून पुढे जाते. ताऱ्यांच्या नावांतून भविष्य काढायच्या फंदात मी पडत नाही.

*

काक्षीला आपण म्हातारी म्हणतो. सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं: 'आयुष्याच्या अखेरीला आलेला वृद्ध तारा'. तिचं वय किती, तर ८० लाख ते १ कोटी वर्षं.

आता आमच्या घराचा पाया बघा. शिवनेरी ज्या काळ्या कातळाचा आहे त्याच कातळावर तो आहे. दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मी ज्या दगडावर उभी राहून तिला म्हातारी म्हणते तो दगड तिच्याहून साडेसहा ते आठ पट जुना आहे. डायनासोरांनी ती पाहिलीच नाही, कारण ती नव्हतीच. सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा, आणि त्याला आपण मध्यमवयीन म्हणतो.

ताऱ्याचं म्हातारपण वर्षांनी मोजत नाहीत, जळण किती उरलं त्याने मोजतात. आणि इथे आपला रोजचा अंदाज उलटा पडतो. जास्त सरपण असलेली चूल जास्त वेळ जळेल असं आपण धरून चालतो. पण ताऱ्याचं वस्तुमान जितकं मोठं तितका आतला दाब आणि तापमान जास्त, आणि जाळण्याचा वेग त्याहून कितीतरी पटीने वाढतो. काक्षी जन्मली तेव्हा सूर्याच्या पंधरा ते वीस पट वजनाची असावी. सूर्य दहा अब्ज वर्षं पुरवून खाईल. तिने वीसपट ठेवा हजारपट कमी वेळात उधळला.

आता ती फुगून एवढी झाली आहे की सूर्याच्या जागी ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ तिच्या पोटात जातील आणि कडा लघुग्रहांच्या पट्ट्यात पोचेल. तिचा आकार पहिल्यांदा मोजला गेला डिसेंबर १९२० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटांची तुळई बसवून. मायकेलसन आणि पीझ यांचं ते काम. सूर्य सोडला तर माणसाने मापलेला तो पहिला तारा. पण हा एवढा मोठा देह म्हणजे बहुतेक पोकळी. सरासरी धरली तर आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा हजारो पटीने विरळ. खरा तारा आत आहे, मध्यभागी, घट्ट. बाहेरचं ते सगळं फुगलेलं धुकं.

हे समजलं तेव्हा माझ्या वहीबद्दलची माझी समजूत थोडी हलली. मी वर्षानुवर्षं नोंदवत होते तो त्या धुक्याचा चेहरा होता.

*

आत काय चालतं ते सांगायला मला आमच्याकडचं गुऱ्हाळ बरं वाटतं. चुलवणात बाभळीचा ओंडका घातला तर तो निवांत जळतो. चिपाड घातलं तर भसकन जळतं, सारणाऱ्याला उसंत नसते. आणि नुसतं पाचट असेल तर हात आत-बाहेर करेपर्यंत राख.

सूर्याच्या पंचवीस पट वजनाच्या ताऱ्याचं गणित करून ठेवलेलं आहे, ते असं. हायड्रोजन जाळून हेलियम करण्यात जातात सुमारे ७० लाख वर्षं. तो ओंडका. मग हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन, ७ लाख वर्षं. तारा फुगून तांबडा होतो तो या वेळी. मग कार्बन पेटतो आणि ६०० वर्षांत संपतो. मग निऑन, एक वर्ष. मग ऑक्सिजन, सहा महिने. मग सिलिकॉन, एक दिवस. प्रत्येक वेळी आधीची राख हेच पुढचं जळण, आणि प्रत्येक वेळी आच आणखी वाढवावी लागते. सिलिकॉनच्या वेळी आत तीन अब्ज अंश तापमान असतं.

६०० वर्षांवरून एका दिवसावर हा घसरगुंडीचा प्रवास का होतो? जळण निकृष्ट होत जातं हे आहेच. पण मोठं कारण गळती. कार्बन पेटतो तेव्हा गाभा इतका तापलेला असतो की तिथे न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा सडा पडतो. न्यूट्रिनो कशालाही अडत नाहीत. प्रकाश आतून बाहेर यायला धडपडत, ठेचकाळत वेळ घेतो, हे सरळ निघून जातात आणि ऊर्जा सोबत नेतात. फुटक्या टाकीत पाणी भरत राहावं तसं ताऱ्याला गाभा तोलून धरायला अधिकाधिक जाळत राहावं लागतं.

आणि या सगळ्याचा बाहेर पत्ता नसतो! मला या विषयातलं सर्वांत अस्वस्थ करणारं हेच वाटतं. ते धुकं इतकं अवाढव्य आहे की आतल्या बदलाला प्रतिसाद द्यायला त्याला शतकं लागतात. गाभ्यात कार्बन संपला, निऑन संपला, ऑक्सिजन पेटला, बाहेर तोच तांबूस चेहरा. उद्या काक्षीच्या गाभ्यात सिलिकॉन पेटला तर माझ्या वहीत मी इमानदारीने लिहीन, '०.५, हवा स्वच्छ'.

बहुतेक अभ्यासकांच्या मते ती अजून हेलियमच जाळते आहे, म्हणजे लाखभर वर्षं शिल्लक. एका गटाने ती कार्बनच्या अखेरीला पोचली असावी असाही हिशेब मांडला होता, तो इतरांना पटलेला नाही. 'ती कदाचित आधीच फुटलेली असेल, प्रकाश फक्त पोचायचा आहे,' हे वाक्य समाजमाध्यमांवर फार फिरतं. तिचं अंतर साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षं. लाख वर्षांतली नेमकी मधली सहाशेच वर्षं पडायची शक्यता किती, हे माझ्या आठवीतल्या पोरांनी काढून दाखवलं. शेकड्यालाही एक नाही.

*

मग त्या हिवाळ्यात झालं काय?

खोकला झाला, असं मी वर्गात सांगितलं. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने काक्षीच्या चकतीची चित्रं घेतली होती. एक डिसेंबर २०१९ मध्ये, ती मंदावत असताना, आणि सुदैवाने एक जानेवारीतलं, म्हणजे त्याच वर्षीच्या सुरुवातीचं, धडधाकट असतानाचं. शेजारी शेजारी ठेवली तर दिसतं की तिचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला आहे, अर्धवट पुसलेल्या कंदिलाच्या काचेसारखा. हबल दुर्बिणीच्या नोंदींत अँड्रिया ड्युप्री यांना त्या आधीच्या शरद ऋतूत दाट, तप्त वायू बाहेर पडताना सापडला होता. सगळं जुळवल्यावर गोष्ट अशी ठरली: ताऱ्याच्या पोटातून एक प्रचंड उकळी वर आली आणि चंद्राच्या कैक पट वस्तुमान एका फटक्यात बाहेर फेकलं गेलं. तिथे पृष्ठभाग निवला. फेकलेला वायू दूर जाऊन थंड झाला, त्याची धूळ झाली, आणि ती धूळ नेमकी आपल्या नजरेच्या वाटेत आली. फेब्रुवारीत तिचा उजेड नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर होता. एप्रिलपर्यंत ती पूर्ववत. एका जपानी हवामान उपग्रहाच्या चित्रांत पृथ्वीच्या कडेला काक्षी येत असे, तिथूनही ही हकिगत पडताळून झाली. ढगांसाठी सोडलेल्या उपग्रहाने आर्द्रेची नोंद ठेवावी, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला अजिबात विचित्र वाटणार नाही.

माझ्या वहीत मार्च २०२० च्या मधल्या नोंदी चढत जातात. १.३, १.१, ०.९. मग शाळा बंद झाली, टाळेबंदी आली, रस्त्यावरचे दिवे सोडून सगळं थांबलं. आकाश कधी नव्हे इतकं स्वच्छ. आणि काक्षी संध्याकाळच्या पश्चिमेला उतरत सूर्याच्या उजेडात गेली. दरवर्षीच जाते. २१-२२ जूनला सूर्य आर्द्रेत प्रवेश करतो तेव्हा पंचांगात तिचं नाव, कृषी सल्ल्यात तिचं नाव, आईच्या तोंडी 'आर्द्रा निघाल्या', आणि ती स्वतः मात्र दिवसाच्या आकाशात सूर्यामागे हरवलेली.

मला तेव्हा थोडं फसवल्यासारखं झालं. एवढी वाट बघून निघाली नुसती काजळी! आता वाटतं, काजळीच खरी बातमी होती. हे तारे शेवटी एकदम फुटतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्याआधी लाखो वर्षं ते झिजत असतात हे कुणी फारसं सांगत नाही. वारा, धूळ, उकळ्या. काही ताऱ्यांचं फुटेपर्यंत निम्मं वजन असं वाऱ्यावर जातं.

आणि रंगही बदलतो. इसवी सनापूर्वी सुमारे १०० या काळात चिनी दरबारी इतिहासकार सिमा छिएन याने ताऱ्यांचे रंग सांगताना उदाहरणं दिली आहेत: पांढरा व्याधासारखा, तांबडा ज्येष्ठेसारखा, निळा बेलॅट्रिक्ससारखा. आणि पिवळा? काक्षीसारखा. राल्फ नॉयहॉइझर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या नि रोमन काळातल्या नोंदी एकत्र करून दाखवलं की दोन हजार वर्षांपूर्वी काक्षी पिवळसर होती. आज ती ज्येष्ठेइतकी तांबडी आहे. म्हणजे माणसाच्या लेखी इतिहासात तिचं हे रूप पालटलं. त्या दरबाऱ्याला आपण पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडू हे ठाऊक नव्हतं. त्याने जे दिसलं ते लिहिलं.

ज्येष्ठा हे नाव मला गमतीचं वाटतं. वृश्चिकेतला तो तांबडा तारा काक्षीच्याच जातीचा, तोही महाराक्षसी, म्हणजे फुगून अवाढव्य झालेला, तोही शेवटाकडे निघालेला. नाव मात्र ज्येष्ठा, थोरली. वयाने ही थोरली आमच्या पायरीच्या दगडापुढे तान्हीच.

*

शेवट लोखंडाशी येतो. सिलिकॉनची राख म्हणजे लोखंडाच्या गटातली मूलद्रव्यं, आणि लोखंड जळत नाही. त्याचे कण जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. मग जळत नसलेला हा गोळा इतक्या वजनाखाली उभा कशावर राहतो? इलेक्ट्रॉनांच्या ताठपणावर. एका ठराविक जागेत ठराविकच इलेक्ट्रॉन मावतात, आणखी कोंबू गेलं की ते अडतात.

पण किती अडतील? याचं उत्तर मुंबईच्या गोदीतून निघालं, असं म्हटलं तर फार चूक नाही. ३१ जुलै १९३० ला, भर पावसाळ्यात, एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून इंग्लंडला बोटीने निघाले. प्रवासात कागदावर आकडेमोड करताना त्यांच्या लक्षात आलं की इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या जवळ जाऊ लागला की त्यांचा हा ताठा अपुरा पडतो. पुढे आकडा पक्का झाला तो सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याहून जड गोळा त्यांच्या भरवशावर उभा राहू शकत नाही. ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची भर सभेत थट्टा केली. एडिंग्टन म्हणजे त्या काळचे सर्वांत मोठे नाव, त्यामुळे तरुण माणसाच्या बाजूने उघडपणे कुणी बोललं नाही. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. मी वर्गात हा प्रसंग दरवर्षी सांगते, अभ्यासक्रमात नसला तरी.

तर सिलिकॉन जळत असतो, लोखंडाचा गोळा वाढत असतो, आणि एका क्षणी तो १.४ ची ती रेघ ओलांडतो. तेव्हा त्याचा आकार साधारण पृथ्वीसारख्या ग्रहाएवढा. एका सेकंदाच्या आत तो कोसळतो, इतक्या वेगाने की आतले थर प्रकाशवेगाच्या चौथाईपर्यंत पोचतात. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात. उरतो तो वीस-बावीस किलोमीटरचा गोळा, आमच्याकडे सांगायचं तर जुन्नरहून निघून नारायणगाव ओलांडलं की संपला. त्याला दाबता येत नाही, तो उसळतो, वरून पडणारे थर त्यावर आपटतात, धक्का बाहेर निघतो, मध्येच अडखळतो, आणि गाभ्यातून फुटलेल्या न्यूट्रिनोंपैकी काही थोडे त्याला खालून रेटतात. मग तो पुढे सरकतो. एवढं बोलून थांबते, कारण पुढचं गणित महासंगणकांनाही जड जातं.

पण त्या धुक्याकडे पुन्हा बघा. गाभा संपला आहे. धक्का बाहेर निघाला आहे. काक्षीएवढ्या देहात त्याला पृष्ठभागापर्यंत यायला दिवसभर लागेल. तो पूर्ण दिवस बाहेरून ती जशीच्या तशी तांबूस लुकलुकत राहील.

तेवढ्यात कळवणारे फक्त न्यूट्रिनो. १९८७ मध्ये तसं झालंही. २३ फेब्रुवारीला मोठा मॅजेलनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवर पोचला. प्रकाश यायच्या दोन-तीन तास आधी जपानच्या कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत, अमेरिकेत आणि काॅकेशसमधल्या बोगद्यात मिळून पंचवीसच्या आत-बाहेर न्यूट्रिनो टिपले गेले. बाहेर पडलेले किती, तर एकावर अठ्ठावन्न शून्यं. हाती लागले पंचवीस. स्फोटाच्या ऊर्जेचा ९९ टक्के भाग तेच घेऊन जातात, आपण ज्या दिपवणाऱ्या उजेडाला स्फोट म्हणतो तो उरलेल्या एका टक्क्यातलाही किरकोळ हिस्सा. त्या वेळी मी कॉलेजात होते. आकाशाचा तो भाग आमच्या क्षितिजाला जेमतेम टेकतो, दिसायचा प्रश्नच नव्हता. चिलीत ऑस्कर दुहाल्दे यांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, आणि त्याच रात्री इयान शेल्टन यांना छायाचित्राच्या काचेवर. फुटलेला तारा तांबडा नव्हताच, निळा होता. पुस्तकातला नियम पहिल्याच जवळच्या उदाहरणाने मोडला, याचा मला आनंद होतो.

आणखी एक समज इथेच दुरुस्त करून टाकते. 'तुमच्या रक्तातलं लोह ताऱ्याच्या गाभ्यात घडलं' असं व्याख्यानांत सांगतात, मीही सांगत असे. पण तो लोखंडी गाभा बाहेर येतच नाही, तोच तर कोसळून न्यूट्रॉन तारा होतो. बाहेर पडतं ते स्फोटाच्या धक्क्यात ताजं घडलेलं निकेल. त्याचं सहा दिवसांत निम्मं कोबाल्ट होतं, कोबाल्टचं सत्त्याहत्तर दिवसांत निम्मं लोखंड. १९८७ चा तारा पुढे महिनोन्महिने विझत गेला तो याच वेगाने. शिवाय विश्वातलं बरंचसं लोखंड वेगळ्याच प्रकारच्या, पांढऱ्या बटूंच्या, म्हणजे लहान ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून येतं. अशा मोठ्या ताऱ्यांचं खरं देणं ऑक्सिजन. आमच्या बेसाल्टमध्ये वजनाने सर्वांत जास्त काय, तर ऑक्सिजनच. दगडात हवा असल्यासारखं वाटतं ते ऐकून, पण तसं आहे.

*

विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. आमच्या शाळेची गाडी दरवर्षी जाते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, शेतांमधून पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. आई त्यांना छत्र्या म्हणते. त्या रेडिओ लहरी ऐकतात, आणि फुटलेल्या ताऱ्यांच्या बाबतीत त्यांना एक गोष्ट ऐकू येते जी डोळ्यांच्या दुर्बिणींना तितकी स्पष्ट नाही.

तांबड्या महाराक्षसाचा वारा सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने बाहेर जात असतो. स्फोटाचा धक्का सेकंदाला दहा हजार. म्हणजे जवळपास हजारपट. धक्का त्या जुन्या वाऱ्याला गाठतो, त्यावर आदळतो, आणि त्यातून रेडिओ लहरी निघतात. स्फोटानंतर एका वर्षाने तो जिथे पोचतो तो वारा ताऱ्याने हजारेक वर्षांपूर्वी सोडलेला असतो. दोन वर्षांनी, दोन हजार वर्षांपूर्वीचा. मेलेल्या ताऱ्याची वही शेवटच्या पानाकडून मागे उलटत जावी तसं. जिवंतपणी जे चेहऱ्यावर दिसलं नाही ते असं नंतर वाचता येतं.

मे २०२३ मध्ये मी एक असा शेवट प्रत्यक्ष पाहिला. १९ मे ला कोइची इतागाकी या जपानी हौशी निरीक्षकाला एम१०१ या दीर्घिकेत नवा तारा सापडला, दोन कोटी प्रकाशवर्षांवर. लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीनेही तो लगोलग धरला. नारायणगावच्या एका मित्राकडे आठ इंची दुर्बीण आहे. वळवाचे ढग चुकवत आम्ही तीन रात्री घालवल्या. दिसला तो एक ठिपका. जुन्या छायाचित्रांत शोधल्यावर कळलं की फुटलेला तारा तांबडा महाराक्षस होता, धुळीत गुरफटलेला, आणि शेवटच्या काही वर्षांत त्याने अंगावरचं पुष्कळ भिरकावून दिलं होतं. काक्षीचाच भाऊबंद. मित्राने विचारलं, कसं वाटलं? मला उत्तर सुचलं नाही. ठिपका होता.

सगळेच फुटतात असंही नाही. देवयानी दीर्घिकेतला एक तारा २०१४ मध्ये अवरक्त प्रकाशात थोडा उजळला आणि मग काही वर्षांत दृश्य प्रकाशात दहा हजारपट मंद होत नाहीसाच झाला. किशलय डे आणि सहकाऱ्यांचं म्हणणं, धक्का बाहेर पोचलाच नाही, सगळं आत पडलं आणि कृष्णविवर झालं. ना उजेड, ना बातमी. जुन्या नोंदी कुणी चाळल्या म्हणून कळलं, इथे एक होता.

*

काक्षीबद्दलची ताजी बातमी म्हणजे तिला सोबत आहे. तिच्या उजेडात चारशे दिवसांच्या चक्राशिवाय सुमारे सहा वर्षांचं दुसरं एक चक्र दिसतं, त्याचा खुलासा होत नव्हता. जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून तिच्या अगदी अंगालगत एक मंद, निळसर तारा टिपल्याचं जाहीर झालं. इतका जवळ, की तो तिच्या त्या धुक्याच्या कडेतच फिरतो म्हणायला हरकत नाही. तिच्या फुटण्याआधी बहुतेक तो तिच्यातच विरघळून जाईल.

आईला हे सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"आणि ती फुटली म्हणजे काय होईल?"

"रात्री अर्ध्या चंद्राएवढी उजळ दिसेल. दिवसाही दिसेल, काही महिने. मग विझत जाईल. आपल्याला धोका काही नाही, फार लांब आहे."

"मग आर्द्रा कशावरनं धरायच्या? पेरण्या?"

मी समजावलं, की पंचांगातलं नक्षत्र म्हणजे तो एक तारा नव्हे, आकाशाच्या सत्ताविसाव्या भागाची पट्टी असते. तारा गेला तरी पट्टी राहते, सूर्य त्यातून जातो, वाहन कोल्हा की बेडूक तेही निघत राहील. तिने पाकळी टोपलीत टाकली. "मंजे तिच्या नावाचं आकाश राहील, आन ती नाही."

"हो."

"बरं."

काल जेवणं झाल्यावर वर गेले. थंडी मरणाची, आकाश निवळशंख. तिकांडं उभं. रोहिणीशी ताडून पाहिलं, पुनर्वसूशी ताडून पाहिलं. वहीत लिहिलं: "काक्षी ०.५. हवा स्वच्छ. उसात काहीतरी हललं, दुसरं वाचन न घेता खाली आले."